टाचणी, चिठ्ठी आणि छायाचित्र

भाद्रपद सरत आला आणि पावसाने उघडीप दिली, म्हणजे माळावर, खळ्यावर आणि शहरातील मोकळ्या मैदानांवर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालू लागतात, हे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. लहानपणी त्यांतला एखादा पकडून त्याच्या शेपटीस दोरा बांधण्याचा निर्दय खेळही पुष्कळांनी खेळला असेल. आम्हीही त्यास अपवाद नाही. परंतु हे कीटक शोधावे, त्यांची जात ओळखावी आणि त्यांचे छायाचित्र घ्यावे, असा एक छंद आहे. त्या छंदामागे अडीचशे वर्षांची परंपरा आहे. आणि त्या परंपरेत एक शास्त्र बव्हंशी हौशी माणसांच्या हातून उभे राहिले आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. तीच येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेणे अवश्य आहे. यांतील मोठ्या, दणकट जातींस आपल्याकडे चतुर म्हणतात आणि काडीसारख्या सडपातळ जातींस टाचणी. बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवील तो चतुर आणि पंख मिटून पाठीवर जुळवून धरील ती टाचणी, ही पहिली खूण. चतुराचे टपोरे डोळे बहुधा एकमेकांस भिडलेले असतात, टाचणीचे दोन बाजूंस दूर असतात, ही दुसरी. या खुणांस अपवाद आहेत. तथापि नवशिक्याचे काम त्यांवर भागते. दोघांचेही बालपण पाण्यात जाते आणि दोघेही जन्मभर शिकारी असतात. जगात यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत व भारतात पाचशेच्या आसपास.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. रंगावर विसंबावे तर रंग फसवतो. आपल्या तळ्याकाठी सर्रास आढळणारा तांबडा चतुर घ्या. त्याचा नर वयात आला म्हणजे कुंकवासारखा लाल होतो. पण तोच नर कोवळा असताना पिवळसर असतो आणि मादी तर बहुधा पिवळसरच राहते. एकाच घरातील ही माणसे निरनिराळ्या कुळांतली वाटावी, असा हा प्रकार आहे. म्हणून जाणकार पंखांवरील शिरांचे जाळे पाहतात आणि त्याहीपेक्षा नराच्या शेपटीच्या टोकाशी असलेले आकडे पाहतात. मीलनाच्या वेळी नर मादीस मानेपाशी याच आकड्यांनी पकडून ठेवतो. कुलपागणिक किल्ली वेगळी, तशी जातीगणिक या आकड्यांची घडण वेगळी असते.

या प्राण्यांस शास्त्रीय नावे देण्याचा आरंभ स्वीडनच्या लिनेअसने 1758 साली केला. त्याने चतुर आणि टाचण्या यांस एकाच प्रजातीत कोंबले होते. त्याचा डॅनिश शिष्य फॅब्रिशियस याने 1775 साली त्यांचे तीन गट पाडले आणि 1793 साली या सर्वांस ‘ओडोनाटा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील दाताच्या शब्दावरून ते घडविले आहे, कारण या कीटकांचे जबडे दातेरी असतात. ज्या पिवळसर चतुरांचे थवे आपण पावसाळ्याच्या अखेरीस पाहतो, त्यांच्या जातीचे वर्णनही फॅब्रिशियसनेच 1798 साली केले.

यानंतरचा मोठा पुरुष म्हणजे बेल्जमचा एदमों द सेलिस-लाँशाँ. याचा जन्म 1813 सालचा व मृत्यू 1900 सालचा. याचा सार्वजनिक व्यवसाय राजकारणाचा. 1880 ते 1884 या काळात तो बेल्जमच्या सेनेटचा अध्यक्ष होता. असा हा सरदार जन्मभर चतुरांच्या पंखांवरील रेषा मोजीत राहिला आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून त्याच्याकडे येणाऱ्या नमुन्यांस नावे देत राहिला. त्याचा सहकारी हेर्मान हागेन हा शिक्षणाने वैद्य होता. ऑस्ट्रेलियात रॉबिन टिलयार्ड यांनी सिडनीच्या एका शाळेत गणित व विज्ञान शिकविता शिकविता चतुरांचा अभ्यास केला आणि 1917 साली त्यांच्या जीवनक्रमावर एक प्रमाणभूत ग्रंथ लिहिला. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात सिंथिया लाँगफील्ड या बाई वर्षानुवर्षे बिनवेतन काम करीत होत्या. 1937 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने इंग्लंडातील सामान्य माणसाच्या हाती चतुर ओळखण्याची किल्ली दिली. सरदार, वैद्य, शाळामास्तर आणि बिनपगारी काम करणारी एक बाई: या शास्त्राचे आधारस्तंभ हे असे आहेत.

आपल्या देशातील हकीकत याहून निराळी नाही. 1883 साली मुंबईत आठ गृहस्थांनी मिळून निसर्गेतिहासाची जी संस्था काढली, तीत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, याचा मराठी माणसास सार्थ अभिमान वाटावा. या संस्थेच्या नियतकालिकातून भारतीय चतुरांवर दीर्घ लेखमाला लिहिणारा फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हा लष्करी वैद्यक खात्यातील शल्यवैद्य होता. 1924 साली त्याने पश्चिम हिंदुस्थानातील चतुरांची पाहणी प्रसिद्ध केली आणि तीत एकदम तीस नव्या जातींचे वर्णन केले. पुढे 1933, 1934 व 1936 या वर्षी निघालेले त्याचे तीन खंड आजही या विषयाच्या अभ्यासकास दूर सारता येत नाहीत.

या सर्वांची रीत एकच होती. जाळे घेऊन ओढ्याकाठी उभे राहावयाचे, कीटक पकडावयाचा, मारावयाचा आणि पेटीत टाचणीने टोचून ठेवावयाचा. टाचणीस टाचणी टोचण्याचा हा उद्योग आज आपणास क्रूर वाटेल, आणि तो तसा होताही. शिवाय त्यात एक मोठे वैगुण्य होते. मेलेल्या चतुराचा रंग पाहता पाहता विटतो. डोळ्यांतील हिरवी-निळी झाक तर पार नाहीशी होते. पेटीतला चतुर उडत नाही, भांडत नाही, अंडी घालीत नाही. परंतु त्या पेटीत आणखी एक वस्तू असे, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. प्रत्येक नमुन्याखाली त्याच टाचणीत ओवलेली एक इवलीशी चिठ्ठी असे आणि तीवर स्थळ, तारीख व पकडणाऱ्याचे नाव लिहिलेले असे.

पुढे छायाचित्रणाची साधने सुलभ झाली आणि छंदाचे रूप पालटले. इंग्लंडात 1983 साली चतुरप्रेमींची स्वतंत्र संस्था निघाली. आपल्याकडे दक्षिण भारतातील चतुरांवर सुब्रमण्यन यांचे सचित्र मार्गदर्शक पुस्तक 2005 साली प्रसिद्ध झाले. आज तर ज्याच्या खिशात दूरध्वनी आहे त्याच्या खिशात कॅमेराही आहे. यामुळे जिवंत चतुर प्रथमच सर्वांस नीट दिसू लागला. पहाटे दवाने भिजलेला, गारठून काडीला बिलगलेला चतुर पुष्कळदा हाताच्या अंतरापर्यंत जवळ येऊ देतो. काही जाती उठून गेल्या तरी पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. अशा वेळी त्यांचा पाठलाग करू नये, काडीपाशी वाट पाहावी. भर दुपारी काही चतुर शेपूट सूर्याकडे ताठ उभारून शीर्षासन घातल्यासारखे बसतात. अंगावर ऊन कमी पडावे यासाठी त्यांची ही युक्ती असते. हे पेटीतल्या नमुन्यावरून कोणास कळले असते?

पण कॅमेऱ्याने एक मोह निर्माण केला आणि त्या मोहाचे आम्ही स्वतः बळी आहोत. तीसएक वर्षांपूर्वी आम्ही प्राध्यापकीस नुकतीच सुरुवात केली होती. गावाबाहेर एक जुने तळे होते. सुटीच्या सकाळी एक कॅमेरा आणि छत्तीस चित्रांचे एक रीळ घेऊन आम्ही तेथे जात असू. पुढे ते तळे बुजले, त्यावर घरे उठली आणि आमचाही छंद संसाराच्या गडबडीत मागे पडला. गेल्या वर्षी एक विद्यार्थी आमच्याकडे आला. गावाच्या परिसरातील पाणवठ्यांवर पूर्वी कोणत्या जाती होत्या व आज कोणत्या उरल्या, याचा तो शोध घेत होता. आम्ही मोठ्या उत्साहाने माळ्यावरचे पाकीट काढले. साठ-बासष्ट चित्रे निघाली, आणि एकाही चित्रामागे ना तारीख, ना स्थळ. यांतील तळ्यावरची कोणती आणि कोकणच्या सहलीतली कोणती, हे आमचे आम्हासही सांगता येईना. एक चित्र तर फारच मनाला लागून राहिले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, दोन डोळे दूर असलेला तो चतुर होता. चित्र सुरेख होते, पण केवळ वरून घेतलेले. शेपटीचे आकडे धूसर. जात ठरेना. त्या मुलाने विनयाने पाकीट परत केले. ज्या तळ्याची साक्ष देणारे दुसरे कोणी उरलेले नाही, त्याचा आम्ही एकुलता एक साक्षीदार, आणि आमची साक्ष बाद झाली होती! शंभर वर्षांपूर्वीच्या संग्राहकाचा विटलेला, पंख झडलेला नमुना आपल्या चिठ्ठीच्या बळावर आजही साक्ष देतो; आमची रंगीत चित्रे मुकी ठरली.

याच्या उलट, नोंद ठेवणाऱ्यांनी काय साधले आहे ते पाहावे. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची तळी वा ओढे जवळजवळ नाहीत. तरी दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास तेथे लाखो चतुर उतरतात. तेथे राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षे या आगमनाच्या तारखा टिपल्या. आधी दक्षिण भारत, मग मालदीव, पुढे सेशेल्स असा तारखांचा क्रम लागला. त्यावरून 2009 साली त्यांनी असा तर्क मांडला की, हे चतुर वाऱ्याच्या साह्याने भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. 2012 साली त्यांच्या पंखांतील हायड्रोजनची परीक्षा झाली आणि मालदीवातील चतुर उत्तर भारत किंवा त्यापलीकडच्या प्रदेशात जन्मलेले असावेत असे दिसून आले. फॅब्रिशियसने नाव दिलेली आणि आश्विनात आपल्या मैदानांवर घिरट्या घालणारी जात ती हीच. आपल्या अंगणातले हे पाहुणे एवढ्या लांबच्या पल्ल्याचे प्रवासी आहेत, हे कळले ते मूळ तारखांच्या एका वहीवरून.

आपल्या महाराष्ट्रातही शोध संपलेला नाही. 2019 साली सिंधुदुर्गातून टाचणीची एक नवी जात जाहीर झाली. 2020 साली किनारपट्टीवर सापडलेल्या एका चतुरास कोकणाचे नाव मिळाले. 2022 साली आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचे नाव आणखी एका चतुरास मिळाले. तथापि नवी जात सिद्ध करावयाची तर नमुना हाती घेऊन त्याचे आकडे आणि शिरा तपासाव्याच लागतात. केवळ सुंदर चित्रावर ते भागत नाही. म्हणून जाळे आता अभ्यासकांच्या हाती असावे आणि कॅमेरा सर्वांच्या, ही वाटणी आम्हांस योग्य वाटते.

मात्र कॅमेरा हाती घेणाऱ्याने जुन्या संग्राहकांची जाळी-टाचणी टाकली तरी त्यांची चिठ्ठी टाकू नये. एक चित्र वरून घ्यावे, एक बाजूने घ्यावे, शेपटीचे टोक स्पष्ट येईल असे पाहावे, आणि घरी येताच स्थळ व तारीख लिहून ठेवावी. मुलांना या सुटीत ओढ्याकाठी न्यावे आणि दोऱ्याऐवजी त्यांच्या हाती एक वही द्यावी. आम्हीही या वर्षापासून पुन्हा जाऊ लागलो आहो. जुन्या पाकिटातील चित्रे आता बोलती होणार नाहीत. पण नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली आहे.