माकडताप आणि टी पेशींचा जोडीदार

मालवणच्या किनाऱ्याकडे पाठ करून सह्याद्रीकडे निघाले की दोडामार्ग लागते. २०१६ मध्ये तेथे माकडतापाची साथ आली. पुढल्याच वर्षी ती सावंतवाडीतील बांद्यात पोहोचली. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि तोही ऐन काजूच्या हंगामात.

मित्रहो, विषाणू मात्र जुना. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधून काढला. पण पेशीत दडलेला विषाणू शरीर ओळखते कसे, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

१९७४ मध्ये डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी उंदरांवर दाखवले की मारक टी पेशी विषाणूला एकट्याने ओळखत नाही. स्वकीय पेशीवरील ‘एमएचसी’ प्रथिनासोबतच ओळखते. ते प्रथिन विषाणूचा तुकडा धरून दाखवते, हे पुढे कळले. टी पेशीच्या ग्राहकाची त्यावरील पकड सैलच असते. म्हणून सीडी-८ हा सह-ग्राहक त्याच प्रथिनाला दुसरीकडून धरतो आणि एलसीके हे विकर जवळ आणतो, जेणेकरून संदेश पेशीत पोहोचावा. मदतनीस पेशींत हे काम सीडी-४ करतो. एलसीकेशी असलेले हे नाते उलगडायला १९८८ उजाडले.

२०२२ पर्यंत वापरात असलेली माकडतापाची लस मारलेल्या विषाणूची होती. असा विषाणू पेशीत वाढत नाही. साहजिकच सीडी-८ बाळगणाऱ्या मारक पेशींना त्याचे तुकडे फारसे दिसत नाहीत. वर दोन मात्रांनंतर वर्षानुवर्षे वर्धक मात्रा घ्याव्या लागत. काजूच्या बागेत राबणाऱ्याकडून ही अपेक्षा मला तरी कठोर वाटते.