उल्हासनगरच्या कागदांवरील तारखा

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पात कोनशिला बसली आणि महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या बराकींच्या त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. या धाग्याचा विषय आहे तो त्या कोनशिलेभोवती साचलेला कायद्याचा कागद, आणि तो कागद आजच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात कसा उद्धृत करावा.

विषय रूक्ष वाटेल. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातला विधी शाखेचा विद्यार्थी फाळणीनंतरच्या स्थलांतरावर लिहायला बसतो, तेव्हा तो पुष्कळदा आपल्या किंवा शेजारच्या घराविषयीच लिहीत असतो. तिथे तळटीप एका वर्षाने चुकली, तर कागदावर एखादा नागरिक परका ठरू शकतो. स्थलांतराच्या कायद्यात तारीख ही कायद्याच्या मजकुराचाच भाग असते, आणि पुढील सारे विवेचन त्या एका मुद्द्यासाठी आहे.

आधी पार्श्वभूमी. सिंध प्रांताची पंजाबसारखी फाळणी झाली नाही, तो अखंड पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर सिंधी हिंदूंच्या स्थलांतराला मोठा वेग आला. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने कल्याण आणि मग पाचांपैकी एका कॅम्पातील बराक, असा हजारो कुटुंबांचा मार्ग होता. ‘कॅम्प नंबर तीन’ हा पत्ता आजही टपालावर लिहिला जातो.

या माणसांना मराठीत आपण सरसकट ‘निर्वासित’ म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कायद्यात ‘निर्वासित’ आहे. केंद्राच्या १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन अधिनियमात ‘विस्थापित व्यक्ती’ आहे. संविधानाच्या अनुच्छेद ६ मध्ये ‘स्थलांतर केलेली व्यक्ती’ आहे. आणि ‘निष्क्रांत’ म्हणजे नेमका उलट दिशेचा माणूस, जो इथली मालमत्ता मागे ठेवून पाकिस्तानात गेला. निष्क्रांत मालमत्तेचा कायदा निर्वासितांच्या हक्काचा आधार म्हणून देणे ही सामान्य चूक आहे आणि तिचे मूळ आपल्या सैल शब्दवापरात आहे. १ मार्च १९४७ ही तारीखही दोन्हीकडे येते: अनुच्छेद ७ मध्ये त्यानंतर पाकिस्तानात गेलेल्यांसाठी, १९५४ च्या अधिनियमात त्यानंतर पश्चिम पाकिस्तानातील घर सोडावे लागलेल्यांसाठी. केवळ तारीख पाहून कलम उचलणाऱ्याची इथे फसगत होते.

आता मुख्य तारीख, १९ जुलै १९४८. या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा झाला. ही व्यवस्था प्रथम वटहुकमाने आली आणि १९४९ मध्ये तिचा अधिनियम झाला. म्हणून १९४८ च्या शरद ऋतूत आलेल्या माणसाविषयी लिहिताना आधार वटहुकमाचा द्यावा लागतो. अधिनियम तेव्हा अस्तित्वातच नव्हता. संविधानकारांनी अनुच्छेद ६ मध्ये हीच तारीख सीमारेषा म्हणून घेतली. जन्माची अट पूर्ण करणारा जो त्या दिवसापूर्वी आला आणि तेव्हापासून इथे सामान्यपणे राहिला, तो संविधानाच्या प्रारंभी आपोआप नागरिक. जो त्या दिवशी किंवा नंतर आला, त्याने संविधानाच्या प्रारंभापूर्वी अर्ज करून नोंदणी करून घेतलेली असली पाहिजे, आणि अर्जाच्या लगतपूर्वी किमान सहा महिने त्याचे वास्तव्य भारतात असले पाहिजे.

हे गणित जरा मांडून पाहा. प्रारंभ २६ जानेवारी १९५० चा. त्याआधी अर्ज हवा, अर्जाआधी सहा महिने हवेत. म्हणजे जुलै १९४९ च्या अखेरीनंतर पोहोचलेल्याला हा मार्ग उपलब्धच नव्हता. ज्या ८ ऑगस्टला उल्हासनगरचे नामकरण झाले, त्या दिवशी मुंबई बंदरात उतरलेला माणूस बारा-तेरा दिवसांनी उशिरा आला होता. त्याला सामान्यतः नागरिकत्व अधिनियम, १९५५ येईपर्यंत थांबणे भाग होते, आणि तो अंमलात आला ३० डिसेंबर १९५५ रोजी. मधली जवळपास सहा वर्षे त्या माणसाची कायदेशीर ओळख काय होती, हा प्रबंधाचा खरा विषय होऊ शकतो. पण तळटिपेत नुसते ‘अनुच्छेद ६’ असे लिहिले तर तो प्रश्न दिसतच नाही. ‘अनुच्छेद ६, खंड (ख), उपखंड (दोन)’ इथवर जावे लागते.

याच अनुच्छेदातील जन्माची अट विद्यार्थी सर्वांत निष्काळजीपणे उतरवतात. ती म्हणते की ती व्यक्ती, तिच्या मातापित्यांपैकी एक किंवा आजी-आजोबांपैकी कोणी भारत शासन अधिनियम, १९३५ मध्ये ‘मूलतः अधिनियमित केल्याप्रमाणे’ व्याख्या केलेल्या भारतात जन्मलेले असावे. ‘मूलतः अधिनियमित केल्याप्रमाणे’ हे शब्द पुष्कळदा पाल्हाळ समजून गाळले जातात. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर तोच १९३५ चा कायदा अनुकूलन करून नव्या भारताला लागू राहिला होता, आणि त्या सुधारित रूपातील भारतात कराची नव्हते. मूळ रूपातील भारतात होते. ते तीन शब्द गळले की कराचीत, हैदराबाद सिंधमध्ये किंवा शिकारपुरात जन्मलेला कॅम्पातला प्रत्येक माणूस जन्माच्या अटीतून बाद होतो. १९५५ च्या अधिनियमातील ‘अविभाजित भारत’ ही व्याख्याही याच शब्दांवर उभी आहे.

जाता जाता एक गंमत. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. १९२० साली कराचीत जन्मलेले आजोबा आणि त्याच वर्षी कल्याणात जन्मलेले त्यांचे पुढचे शेजारी कायद्याच्या दृष्टीने एकाच इलाख्यातले.

आणखी एक बारकावा अनुच्छेद ३९४ चा. नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ९ हे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अंमलात आले, उरलेल्या संविधानाच्या दोन महिने आधी. मात्र त्यांच्या मजकुरातील ‘संविधानाचा प्रारंभ’ हा २६ जानेवारी १९५० चाच. एकाच वाक्यात दोन्ही तारखा येणार असतील तर कोणती कशाची, हे लिहावेच.

आता क्रमांकांकडे. विस्थापितांच्या दाव्यांचा अधिनियम १९५० चा, क्रमांक ४४. विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा अधिनियम १९५४ चा, त्याचाही क्रमांक ४४. पहिला मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांची पडताळणी करतो, दुसरा तिचा मोबदला देतो. ‘विस्थापित व्यक्ती अधिनियम, क्र. ४४’ एवढ्यावर भागवणाऱ्याचा वाचक कुठल्याही दारात जाऊ शकतो. दोन्ही २००५ मध्ये निरसित झाले, आणि हे तळटिपेत सांगणे सौजन्य नसून कर्तव्य आहे. पण ‘निरसित’ लिहून जुने हक्क पुसले गेले असेही मानू नये. निरसनापूर्वी प्राप्त झालेल्या हक्कांचे काय, याचे उत्तर सामान्य परिभाषा अधिनियम, १८९७ च्या कलम ६ मध्ये आणि निरसन करणाऱ्या कायद्यात मिळून शोधावे लागते.

निरसनापेक्षा फसवी असते ती सुधारणा, कारण तिथे कलमाचा क्रमांक तोच राहतो. नागरिकत्व अधिनियमाचे कलम ५(१)(क) घ्या. भारतीय वंशाच्या व्यक्तीला नोंदणीसाठी किती काळ वास्तव्य हवे? १९५५ मध्ये सहा महिने. १९८६ च्या सुधारणेने पाच वर्षे. २००३ च्या सुधारणा अधिनियमाने सात वर्षे. आजच्या संकेतस्थळावरील मजकूर उचलून १९५६ च्या अर्जदाराला लावला, तर सहा महिन्यांत नोंदणीला पात्र ठरलेला माणूस साडेसहा वर्षे अपात्र दिसेल. उपाय एका ओळीचा आहे: ‘कलम ५(१)(क), १९५५ मध्ये होते त्या रूपात’. ऑक्सफर्डची पद्धत वापरा, ब्लूबुक वापरा किंवा महाविद्यालयाने दिलेली कोणतीही. स्वल्पविराम कुठे द्यायचा एवढेच त्या सांगतात, ही ओळ सुचणे लिहिणाऱ्यावर असते.

निवाड्यांत वर्षाचा घोटाळा वेगळ्या वाटेने येतो. उल्हासनगरचे नाव देशभरच्या विधी महाविद्यालयांत पोहोचवणारा निवाडा म्हणजे सेंच्युरी स्पिनिंग विरुद्ध उल्हासनगर नगरपरिषद, जकातमाफीच्या आश्वासनाचा. त्याचा निकाल १९७० चा, पण ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये तो १९७१ च्या खंडात, सर्वोच्च न्यायालय विभागात पृष्ठ १०२१ वर आहे. खंडाचे वर्ष म्हणजे निकालाचे वर्ष नव्हे. शहाडची चिमणी रोज पाहणाऱ्यांनी तरी हे चुकवू नये.

परवान्याच्या कायद्यावरचा महत्त्वाचा निवाडा मुंबई राज्याविरुद्धचाच: इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य, ए.आय.आर. १९५४ एस.सी. २२९. परवान्याविना आल्याच्या ठपक्यावरून नागरिकालाही देशाबाहेर काढण्याचा कलम ७ मधील अधिकार सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला. निकाल १९५४ चा, तर कायदा १९५२ मध्येच निरसित झालेला. त्या वर्षी ऑक्टोबरात पारपत्राची पद्धत सुरू झाली होती. ‘१९५४ मध्ये परवाना पद्धत लागू होती’ असे वाक्य या निवाड्याच्या आधारावर लिहिले जाऊ शकते, आणि ते साफ चूक असेल.

‘स्थलांतर केले’ याचा अर्थ काय, यासाठी शन्नो देवी विरुद्ध मंगल सैन, ए.आय.आर. १९६१ एस.सी. ५८, हा पंजाब विधानसभेच्या निवडणुकीतून निघालेला निवाडा पुष्कळ जण देतात. त्यात कायम वास्तव्याच्या हेतूवर भर होता. पण १९६६ मध्ये कुलथिल मम्मू विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ नाकारला आणि शब्द अधिक व्यापक मानला: विशिष्ट कामापुरता, थोड्या काळासाठी केलेला प्रवास सोडून स्वेच्छेने एका प्रदेशातून दुसऱ्यात जाणे. पहिला निवाडा उद्धृत करण्यास मनाई नाही. दुसऱ्याचा उल्लेख टाळून उद्धृत करणे म्हणजे परीक्षकाची दिशाभूल.

ताज्या घडामोडींवर लिहिताना तर दर्जेदार वर्तमानपत्राचाही आधार अपुरा आहे. पाकिस्तानातून नंतरच्या काळात आलेली सिंधी कुटुंबे उल्हासनगरात आहेत आणि त्यांच्याशी संबंधित आहेत ७ सप्टेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचना, २०१९ चा सुधारणा अधिनियम क्रमांक ४७ आणि ११ मार्च २०२४ चे नियम. अधिसूचनेला राजपत्रातील क्रमांक आणि दिनांक दोन्ही हवेत. २०१९ ची सुधारणा ज्या १९२० आणि १९४६ च्या कायद्यांचा हवाला देते, ते दोन्ही २०२५ च्या आप्रवास व परकीय नागरिक अधिनियमाने १ सप्टेंबर २०२५ पासून निरसित झाले आहेत. अशा लटकलेल्या हवाल्याचे काय करायचे, ते परिभाषा अधिनियमाचे कलम ८ सांगते. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय प्रत्येक निवाड्याला स्वतःचा क्रमांक देते, जसे आसामच्या कलम ६क वरील निवाड्याला २०२४ आयएनएससी ७८९. त्यामुळे खंड-पृष्ठाची शोधाशोध बरीच कमी झाली आहे.

शेवटी बदलापूर-अंबरनाथकरांसाठी. बराकींतून वाढलेली उल्हासनगरची बांधकामे नियमित करण्यासाठी महाराष्ट्राने २००६ मध्ये एक अधिनियम केला. त्याच्या नावातच ‘उल्हासनगर शहर’ आहे. कुटुंब कॅम्प पाचमधून रेल्वेरूळ ओलांडून अंबरनाथला किंवा पुढे कुळगावला राहायला गेले असेल, तर त्या नव्या घरासाठी हा कायदा आधार म्हणून देता येत नाही.