चहा, विनय आणि पुण्याचे ग्रामण्य

नाताळच्या सुटीत विहारांतून श्रामणेर शिबिरे भरतात. थंडीचे दिवस असल्याने उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न हटकून येतो : दुपारनंतर भन्तेजींना चहा चालतो काय, आणि चालत असल्यास कोणता? दुधाचा, कोरा, गवती चहाचा, की आल्याचा? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याचा मागोवा घेताना आम्हाला विनयपिटकापासून पुण्याच्या गुरुवार पेठेपर्यंत यावे लागले.

तथागतांच्या काळी मध्यदेशात चहा पीत नसत. तेव्हा त्रिपिटकात चहाचे नाव शोधणे व्यर्थ होय. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात मात्र पेयांचा विचार बराच तपशीलवार आहे. आपण नावाच्या निगमात केणिय जटिलाने भिक्खुसंघासाठी पेये आणली, तेव्हा भगवंतांनी आंबा, जांभूळ, केळी, द्राक्षे, फालसा इत्यादींच्या आठ पानांना अनुज्ञा दिली. त्याच ठिकाणी सर्व पानांचा रसही अनुज्ञात केला आहे. अपवाद शिजवलेल्या भाजीच्या रसाचा. चहा हे पानच आहे. थेरवादी देशांत दुपारनंतर कोरा चहा घेण्याची वहिवाट आहे, ती या भूमिकेशी विसंगत नाही. हळद आणि आले ही मुळे औषध म्हणून जन्मभर बाळगण्यास मोकळीक आहे. बेलट्ठ कच्चान गुळाच्या घागरींनी भरलेल्या पाचशे गाड्या घेऊन निघाला होता, ती कथा याच खन्धकात येते. पुढे गूळ आजारी भिक्खूला, आणि निरोगी भिक्खूला गुळाचे पाणी, असा निर्णय झाला. म्हणजे आले-गुळाचा कोरा चहा संध्याकाळी निःशंकपणे द्यावा. दुधाचा चहा सकाळीच द्यावा. दूध हे भोजनात मोडते. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत वज्जिपुत्तक भिक्खूंच्या ज्या दहा गोष्टी अग्राह्य ठरल्या, त्यांत भोजनोत्तर अर्धवट विरजलेले दूध पिण्याचीही एक होती.

विनयाने किती बाजूंनी विचार केला आहे, हे यावरून दिसते. पेय कशाचे, घेण्याची वेळ कोणती, घेणारा आजारी की निरोगी, इतके प्रश्न तेथे आहेत. देणाऱ्याची जात कोणती, हा प्रश्न तेथे नाही.

पुण्यात मात्र एकदा चहाविषयी नेमका हाच प्रश्न उभा राहिला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा पुढे केला. कोणी प्यायले, कोणी पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला. कार्यक्रमामागे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान होते. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि चाळीसहून अधिक सभ्य गृहस्थ एका पेल्यासाठी आरोपी झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, साक्षी झाल्या. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या दिवसांचे वर्णन आहे. ते मुळातून वाचावे. चहा हे पेय नवे, धर्मशास्त्रात त्याचा उल्लेख नाही. तरी बाटण्याचा नियम त्याला आयता लागू झाला. दोष पानात नव्हता, पाण्यातही नव्हता. तो हातात होता.

हे ग्रामण्य इतिहासग्रंथांत सुधारक आणि सनातनी यांचा वाद म्हणून सांगितले जाते. आमच्या मते ते अपुरे आहे. पंचहौद हे नाव पाण्याच्या पाच हौदांवरून पडले. तेथून जवळच असलेल्या गंज पेठेत जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. चहाचा हा प्रसंग घडला तेव्हा जोतीराव अंथरुणाला खिळलेले होते, आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी, अवघ्या दीड महिन्याने, त्यांचे निधन झाले. ज्याने बावीस वर्षांपूर्वी पाण्याचा प्रश्न आपल्या अंगणात सोडविला, तो माणूस जात असताना शहरातील विद्वान पेल्याला ओठ लागले की नाही, याचा काथ्याकूट करीत होते.

येथे सतधम्म जातकाची (क्र. १७९) आठवण होते. बोधिसत्त्व चांडाळकुळात जन्मलेला आहे, त्याच्याजवळ शिदोरी आहे. वाराणसीचा एक ब्राह्मण तरुण वाटेत सोबती होतो. चांडाळाचे अन्न नको म्हणतो, मग भुकेने व्याकूळ होऊन त्याचेच उष्टे खातो, पश्चात्तापाने ओकतो आणि रानात जाऊन मरतो. ही कथा जातिभेदाच्या खंडनासाठी सांगितलेली नाही, हे अभ्यासकाने लक्षात ठेवावे. मिथ्या आजीवाने मिळविलेले अन्न भिक्खूने तसेच समजावे, हा तिचा रोख आहे. तथापि कथाकाराने बोधिसत्त्वाला कोणत्या कुळात घातले आणि शिदोरी कोणाच्या हाती दिली, हे पाहण्यासारखे आहे.

चहाचा पेला याच्या नेमका उलट कामी आणला तो कोल्हापुरात. राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांना स्पृश्यांच्या हौदाला हात लावल्यावरून मारहाण झाली होती. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे करून भांडवल दिले आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल काढले. महाराज तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यावयास लावीत. नकार कोण देणार? राजाच्या धाकाने प्यालेला चहा मनापासूनचा नव्हे, असे कोणी म्हणेल; पण हॉटेल चालले, हेही खरे. १९२२ मध्ये महाराज निवर्तले. १९२५ मध्ये गंगारामांनी आपल्या बांधवांच्या साहाय्याने कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारले.

राजाच्या मर्जीवर असलेली ही गोष्ट पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये हक्क म्हणून आली. तेथे दुकाने व उपाहारगृहे यांचा उल्लेख आहे. तेवढ्याने भागले नाही. गावोगावच्या हॉटेलांत दाराबाहेर, आढ्याला किंवा कोनाड्यात वेगळी कपबशी राहिलीच. म्हणून १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाला कलम ४ मध्ये उपाहारगृहातील भांड्यांच्या वापराविषयी स्वतंत्र तरतूद करावी लागली.