छापखाना आणि इन्क्विझिशन : प्रियोळकरांची दोन पुस्तके

‘ख्रिस्तपुराण’ शिकवताना नाशिकच्या वर्गांत आम्ही बहुधा फादर स्टीफन्सने केलेल्या मराठीच्या गौरवापाशी थांबतो. १६१६ साली छापलेल्या या ग्रंथाच्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही, हेही सांगतो. तो ज्या गोव्यात छापला गेला, त्या गोव्याविषयी मात्र गप्प राहतो. अनंत काकबा प्रियोळकर (१८९५–१९७३) गप्प राहिले नाहीत.

प्रियोळकर हे मूळचे पाठचिकित्सक. रघुनाथपंडिताचे ‘दमयंतीस्वयंवर’ आणि मुक्तेश्वराचे ‘आदिपर्व’ यांच्या संपादनात मुरलेल्या या अभ्यासकाने १९५८ साली भारतातील मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. निमित्त होते १५५६ साली गोव्यात आलेल्या छापखान्याच्या चतुःशताब्दीचे. पाठोपाठ १९६१ साली ‘द गोवा इन्क्विझिशन’ आले. हे धर्मन्यायालय गोव्यात स्थापन झाले १५६० साली. म्हणजे छापखाना आणि धर्मन्यायालय ही युरोपची दोन अपत्ये चार वर्षांच्या अंतराने एकाच बंदरात उतरली. १५६० सालीच कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर असलेल्या प्रियोळला नेण्यात आला, असे परंपरा सांगते. इतिहासकाराचे आडनाव त्याच गावाचे आहे.

१८१२ साली इन्क्विझिशन बंद झाले आणि पुढे खटल्यांची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. त्यामुळे प्रियोळकरांना कैद भोगलेला फ्रेंच वैद्य देलाँ, १८०८ साली गोव्यात आलेला बुकॅनन आणि खुद्द इन्क्विझिशनचे जाहीरनामे यांवर भिस्त ठेवावी लागली. १७३६ च्या जाहीरनाम्याने धर्मांतरितांना तुळस लावण्याची, लग्नातल्या पारंपरिक गाण्यांची, मिठाशिवाय भात शिजवण्याचीही बंदी केली. हिंसा केवळ चितेवर नव्हती, ती स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती, हे या कलमांतून दिसते.

गोवा मुक्त झाला त्याच वर्षी आलेल्या या पुस्तकात त्या काळाचा संताप आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आज ते वादात शस्त्रासारखे उपसले जाते. १९५८ चे पुस्तक मात्र क्वचितच उघडले जाते. त्यात प्रियोळकरांनी कुन्हा रिव्हारा यांचा कोंकणी भाषेवरील निबंध समाविष्ट केला आहे. ज्या धर्मप्रसारकांनी लोकांची भाषा शिकून पुराणे रचली, त्यांच्याच गोव्यात १६८४ साली ती भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम निघाला. यांतले एकच सत्य निवडणे सोपे असते. प्रियोळकरांनी दोन्ही नोंदवली. ‘ख्रिस्तपुराणा’शेजारी ही दोन्ही पुस्तके ठेवून शिकवावे, असे आम्हांला वाटते.