तीन मिनिटांची शीळ

माझे मामू लग्नात भोंगे लावायचे. बैलगाडीत बॅटरी, ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी घालून ते कुरुंद्याहून आसपासच्या गावांना जायचे. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी सात-आठ वर्षांचा होतो आणि पेटी सांभाळायला गाडीत बसायचो. पेटीत सिनेमाची गाणी होती, कव्वाल्या होत्या. मराठी रेकॉर्ड एकच. जाड, जड आणि काठाला टवका उडालेली. हैदराबादच्या जुन्या बाजारात मामूंनी चावीचा फोनो घेतला, तेव्हा त्याच्यासोबत ती आली होती. लग्नात ती कधी लागली नाही. पावसाळ्यात लग्नं बंद असली, की मामू फोनोला चावी द्यायचे, नवी पिन बसवायचे आणि ओसरीत ती लावायचे.

लेबल झिजून गेलं होतं. फोनोच्या कर्ण्यापुढं बसलेलं कुत्रं तेवढं ओळखू येई. खरखरीतून एका पुरुषाचा आवाज यायचा. रानात कुणीतरी शीळ घालतो, ती ऐकून एक तरुण मुलगी कासावीस होते, एवढं मला कळायचं. आमच्या घरात दखनी बोलत, मराठी शाळेत. शाळेच्या पुस्तकाबाहेरची, कुणी पाठ करायला न सांगितलेली पहिली मराठी कविता मी अशी ऐकली. कुणाची, ते मामूंना ठाऊक नव्हतं. ‘होगी किसीकी,’ म्हणायचे.

कवीचं नाव मला दहा वर्षांनी कळलं, आणि तेही रेडिओमुळं. कॉलेजात असताना एका सकाळी तेच गाणं लागलं आणि निवेदिकेनं सांगितलं : कवी ना. घ. देशपांडे, संगीत आणि स्वर जी. एन. जोशी. मी हातातला चहा तसाच ठेवला. देशपांडे मेहकरचे! मेहकर पैनगंगेच्या काठावर आणि तीच पैनगंगा पुढं आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या हद्दीवरून वाहते. म्हणजे माणूस आमच्याच नदीचा, वरच्या अंगाचा.

मग मी या गाण्याच्या मागं लागलो. ‘शीळ’ची रेकॉर्ड 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीनं काढली. कवी आणि गायक दोघंही 1909 सालचे, म्हणजे ऐन विशी ओलांडलेले. दोघंही कायदा शिकलेले. जोशी काही नाटक कंपनीतले नट नव्हते की घराण्याचे खाँसाहेबही नव्हते. आवडलेल्या कवितेला त्यांनी स्वतःच चाल लावली आणि स्वतःच ती गायली. मागं ना नाटक होतं, ना सिनेमा. कुणा नटाच्या नावावर किंवा गाजलेल्या प्रवेशावर ती खपणार नव्हती. आज गावोगावची पोरं आपलं गाणं आपणच बसवून लोकांपुढं ठेवतात आणि इंग्रजी बँडवाल्यांच्या भाषेत त्याला ‘सिंगल’ म्हणतात. नव्वद वर्षांपूर्वी या दोन पोरांनी जवळपास तेच केलं होतं. फरक इतकाच, की त्यांच्या पाठीशी मोठी कंपनी उभी राहिली.

हे तेव्हाच का जमलं, याचं एक कारण यंत्रात आहे. आरंभीच्या रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन नव्हता. गायकानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात गायचं आणि त्या हवेच्या धक्क्यानंच मेणावर रेघ उठायची. तिथं हळू आवाजाचं काही चालत नसे. रंगभूमीवरही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. 1925 नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि माणूस कानाशी बोलल्यासारखं गाऊ शकला. भावगीत नावाचा प्रकार या मायक्रोफोनच्या मांडीवर वाढला. दुसरं कारण वेळेचं. दहा इंची रेकॉर्ड मिनिटाला 78 फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. शास्त्रोक्त गाणाऱ्याला ही तीन मिनिटं म्हणजे शिक्षाच. लहानशा कवितेला मात्र ती अगदी मापाची. आणि ही तबकडी बनायची लाखेपासून. पळस-कुसुमासारख्या झाडांवरचे किडे जी लाख तयार करतात, तीच ही. रानातली शीळ रानातल्याच लाखेवर उमटली होती!

रेकॉर्ड गाजली. मराठी भावगीताच्या इतिहासात आरंभीची म्हणून आजही तिचं नाव घेतात. जोशींनी पुढं देशपांड्यांच्या आणखी कविता गायल्या. 1938 मध्ये ते एचएमव्हीतच अधिकारी झाले आणि काचेच्या पलीकडं बसून थोरामोठ्यांची गाणी टिपू लागले. 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची रेकॉर्ड त्यांच्याच पुढाकारानं निघाली आणि परदेशातही वाजली. गजाननराव वाटव्यांसारख्या गायकांनी कवितेचं गाणं सभागृहांत आणि चौकांत नेलं. हे गाणं म्हणजे हलकं काम, असं काही गवयांना वाटे. चाल कवितेला झाकून टाकते, अशी कवितेच्या काही जाणकारांची तक्रार असे. खोटं कशाला बोलू, कवी म्हणून ही तक्रार मलाही अधूनमधून पटते.

देशपांडे मात्र मेहकरलाच राहिले. त्यांचा ‘शीळ’ हा कवितासंग्रह निघाला तो 1954 साली. हिशोब करा. गाणं घराघरांत गेल्यावर वीसेक वर्षांनी पुस्तक आलं. एवढ्या काळात कितीजणांनी ती ओळ गुणगुणली असेल आणि त्यातल्या कितींना मेहकरचा हा माणूस ठाऊक असेल? 1986 साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. 2000 साली ते गेले.

आणि माझं कुरुंदा? ‘शीळ’ निघाली तेव्हा मेहकर वऱ्हाडात, इंग्रजी अमलाखाली आणि कुरुंदा निजामाच्या राज्यात. सरकारी शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा दबदबा. नरहर कुरुंदकरांमुळं आमच्या गावाचं नाव महाराष्ट्रभर गेलं, पण त्याला अजून पुष्कळ अवकाश होता. अशा मुलखात, हैदराबादच्या बाजारातून, एका मुसलमान भोंगेवाल्याच्या पेटीत बसून ती कविता माझ्यापर्यंत आली. पुस्तक आलं असतं असं मला वाटत नाही. आमच्या घरात पुस्तकांना जागाच नव्हती.

हे सगळं आज आठवायला कारण घडलं. जुलै 2022 मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं. अम्मीची निकाहातली ट्रंक भिजली, तिच्यावर मी एक कविता लिहिली. गावातल्या चार पोरांनी ती मागून नेली. एकाकडं गिटार, दुसरा लग्नाच्या बँडात कॅसिओ वाजवणारा, तिसऱ्याची हलगी, चौथा गाणारा. वर्गणी काढून त्यांनी नांदेडला रेकॉर्डिंग केलं. एक शब्द जड जातो म्हणून न विचारता बदलला. गाणं मोबाइलवरून फिरलं आणि फिरता फिरता माझं नाव गळालं. मागच्या वर्षी परगावच्या एका लग्नात ते वाजलं. मी वाजवणाऱ्याला विचारलं, कुणाचं हो? त्यानं पडद्यावर बघून सांगितलं, ‘पारंपरिक.’

मी जिवंतपणीच पारंपरिक झालो! त्या रात्री राग आला, झोप लागली नाही. सकाळी मामूंची ओसरी आठवली. ‘होगी किसीकी’ म्हणत मामू ती रेकॉर्ड किती जपून पुसायचे! नाव ठाऊक नसतानाही त्यांनी ती कविता चाळीस वर्षं फुटू दिली नाही.

तरीही मी पोरांना बोलावलं. शब्द राहू द्या म्हणालो, तुमचाच बरा आहे. पण पुढचं गाणं कराल तेव्हा सुरुवातीलाच तोंडानं नावं सांगा, रेडिओवर सांगतात तशी. कवी कोण, चाल कुणाची, गातो कोण. लिहिलेलं पुसतं, लेबल झिजतं. आवाजात बांधलेलं नाव गाण्याबरोबर जाईल.

हलगीवाल्यानं मान डोलावली. मग म्हणाला, ‘चाचा, वाजवणाऱ्यांचीपण सांगायची का?’

मला ते सुचलंच नव्हतं. ‘शीळ’मागं साथ कुणी केली होती, हे मी तरी कधी कुठं विचारलं होतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)