दुबलगुंडीची शिरगणती

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडी नावाचे गाव आहे. नकाशावर ते शोधावे लागते. तथापि माणसांची मोजणी आणि सीमेची आखणी यांचे नाते ज्यास पाहावयाचे असेल त्याने अशाच गावाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रदेश पठाराचा. कोठे तांबडा जांभा, कोठे काळी रेगड. पिके तूर, ज्वारी, मूग, उडीद. तालुक्याचे पाणी मात्र एका दिशेस जात नाही. कारंजा मांजरेस मिळून गोदावरीची होते. मुल्लामारी कागिणेच्या व भीमेच्या वाटेने कृष्णेस जाते. निसर्गाने येथे सीमा आखली ती एवढीच, आणि ती कोणास नडत नाही.

माणसांनी आखलेली सीमा अलीकडची. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अखंड बीदर जिल्हा तेलंगणाबरोबर हैदराबाद राज्यातच ठेवावा, अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी कायदा झाला तो निराळाच. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्याकडे गेले. नारायणखेड, निर्णा मंडळ सोडून जहीराबाद आणि बीदर तालुक्यातील न्याळकल मंडळ आंध्राकडे. हुमनाबादसह उरलेला भाग म्हैसूरकडे. दुबलगुंडी गेली ती तालुक्याबरोबर.

याच जिल्ह्यातील कल्याणी, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्यांच्या राजवटीत विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, आणि बंगाल वगळता बहुतेक हिंदुस्थानातील हिंदू कुटुंबांच्या वाटण्या शतकानुशतके तिच्या आधारे झाल्या. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच असतो. १९५६ च्या या वाटणीत तालुके आणि मंडळे होती. गाव हा हिस्सेदारच नव्हता. वकिलाच्या नजरेस ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्राचे म्हणणे नेमके येथेच आहे. आंध्र व मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी १९५७ मध्ये गाव हा घटक धरला, तोच न्याय येथे लावावा, हे ते म्हणणे. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला. त्याचा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. २००४ मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात बीदर जिल्ह्यातील गावेही आहेत. कारवारकडच्या आमच्या वाचकांस हे सारे परिचित आहेच. कोकणी मराठीत मोजावी की वेगळी, यावर तेथे किती शाई खर्ची पडली, हे ते विसरले नसतील.

दाव्याचा निकाल काय लागावा हे आम्ही सांगणार नाही. परंतु निकाल काहीही लागो, मोजणीचा प्रश्न उरतोच. जनगणनेत मातृभाषा एकच लिहिली जाते. आणखी दोन ज्ञात भाषांना जागा असते. या मुलखाचा स्वभाव एका रकान्यात मावणारा नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरास ज्यांची समाधी आहे त्या माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी, हिंदी आणि संस्कृत अशी पदरचना केली. त्यांच्या सकलमत संप्रदायात हिंदूही आले, मुसलमानही आले. दत्तजयंतीच्या उत्सवास येणारा भाविक कोणत्या भाषेचा, हे तेथे कोणी विचारीत नाही. शिरगणतीस येणाऱ्यास मात्र विचारावे लागते.

विचारलेल्याचे पुढे होते काय? २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या स्वतंत्र मिळते. भाषेचे तक्ते मात्र खेड्यांपुरते तालुक्यापाशी थांबतात. दुबलगुंडीत माणसे किती हे कळते, मराठी बोलणारी घरे किती हे त्या तक्त्यांतून कळत नाही. आणि मराठी शाळेस शिक्षक द्यावयाचा तो गावात! राज्यघटनेचे ३५०-क हे कलम, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगणारे, त्याच १९५६ साली घातले गेले. सीमा आखणाऱ्यांनी मागे राहणाऱ्यांसाठी ठेवलेली ती तरतूद. तिची मागणी करणाऱ्या पालकाच्या हाती स्वतःच्या गावाचा आकडा नसावा, हे आम्हांस रास्त वाटत नाही. येत्या जनगणनेत भाषेचे तक्ते गाववार प्रसिद्ध करावेत. त्यासाठी कोणत्याही राज्याची सीमा तसूभर हलवावी लागणार नाही.