कमरेचा मनोरा: पाच ओळींवरील भाष्य

क्ष² + य² − ह² = १

नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्रातला कूलिंग टॉवर डोळ्यांसमोर आणून ही ओळ वाचावी. क्ष आणि य ही आडवी अंतरे, ह ही कमरेपासूनची उंची, कमरेची त्रिज्या १. ह ठरवला की वर्तुळ मिळते; कमरेपासून वर जा की खाली, ते रुंदावत जाते. उभा छेद अपास्ताचा. खरा टॉवर याहून उभट असतो, पण ताणल्याने सरळ रेषा वाकत नाही, म्हणून विवेचन ढळत नाही.

क्ष² − ह² = १ − य²

य² पलीकडे गेला, इतकेच.

(क्ष − ह)(क्ष + ह) = (१ − य)(१ + य)

दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र. वर्ग मोडून एकघाती अवयव आले आणि वक्र पृष्ठात दडलेल्या रेषांची वाट मोकळी झाली. या पृष्ठावर सरळ रेषा आहेत हे क्रिस्टोफर रेनने १६६९ मध्येच दाखवले होते.

क्ष − ह = म(१ − य), म(क्ष + ह) = १ + य

सारे मर्म इथे आहे. म ही हवी ती एक ठरवलेली संख्या. दोन्ही समीकरणे गुणा. म उडून जातो आणि आधीची ओळ परत येते. प्रत्येक समीकरण एका प्रतलाचे. दोन प्रतले छेदतात ती सरळ रेषा, आणि ती अखंड पृष्ठावरच असते. म बदलत नेला की अशा रेषांचे एक कुळ मिळते. म = १ घ्या: क्ष = १, ह = य. कमरेला स्पर्शून ४५ अंशांत तिरपी चढणारी ही रेषा अक्षाभोवती फिरवली की सगळे पृष्ठ तयार होते. तिच्यावरून चालताना स्पर्शप्रतल मात्र स्थिर राहत नाही. कमरेपासून रेषेवर १ अंतर गेले की ते ४५ अंश वळलेले असते. रेषा कितीही लांबवली तरी ते वळण ९० अंशांच्या आतच राहते. शंकूवर आणि नळकांड्यावरही सरळ रेषा असतात, पण तिथे रेषेवर कुठेही जा, स्पर्शप्रतल तेच. म्हणून ते कापून सपाट पसरता येतात. हे पृष्ठ पसरता येत नाही. पीळ म्हणतात तो हाच.

क्ष − ह = म(१ + य), म(क्ष + ह) = १ − य

अवयवांची जोडी बदलली की उलट कलाचे दुसरे कुळ. एका कुळातल्या दोन रेषा कधी भेटत नाहीत, समांतरही नसतात. पृष्ठावरच्या प्रत्येक बिंदूतून मात्र दोन्ही कुळांची एकेक रेषा जाते. व्लादिमीर शुखोव्हने १८९६ च्या नीज्नी नोव्हगोरोद प्रदर्शनात पाण्याचा मनोरा उभारला तो या दोन कुळांवरच: दोन्ही कलांच्या सरळ लोखंडी पट्ट्या, छेदतील तिथे एकमेकींना जोडलेल्या.